उघडून बघितलेली प्रत

वेइयो राउताविर्ताने एकेचाळीस वर्षं कागद गिरणीत वायरमनचं काम केलं आणि निवृत्त झाल्यावर मोर्चा आमच्या बारा घरांकडे वळवला. आधी त्याने सगळ्यांचे दिवे दुरुस्त केले, मग जे दुरुस्त करायची गरज नव्हती तेही केले, आणि शेवटी दिवे संपले तेव्हा कॉम्प्युटर शिकला. गेली अकरा वर्षं दर शनिवारी दुपारी तीनपर्यंत तो आमच्या सामायिक खोलीत खिडकीपाशी टेबल मांडून बसतो. केउरू गावात ज्याचा लॅपटॉप रुसतो तो वेइयोकडे येतो. बदल्यात तो कॉफी पितो आणि तुम्हाला त्याचं बोलणं ऐकून घ्यावं लागतं. गिरणीतल्या धडधडाटाने त्याचे कान अर्धे गेले आहेत, त्यामुळे मध्येच थांबवायची सोय नाही.

मी मिर्या, त्याची शेजारीण. त्या खोलीच्या भिंतीपलीकडे आमचा सगळ्यांचा सौना, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घ्यायची खोली, आहे आणि त्याचं वेळापत्रक माझ्याकडे आहे. शनिवारी चार ते पाच बायका, पाच ते सहा पुरुष. सव्वातीनला मी त्याची विजेची शेगडी चालू करते. हे काम मी कधी चुकवलेलं नाही, आणि त्याचा मला जरा गर्वही होता. होता, असं मुद्दाम म्हणते.

मे महिन्यातल्या एका शनिवारी आउलिक्की आली. सात नंबरात राहते, शाळेत भूगोल शिकवते, आणि उरलेला वेळ रानात असते. आमच्याकडे मुलं हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानात धावतात, ठरलेल्या खुणा शोधत. त्या शर्यतीचा नकाशा कुणीतरी पायी हिंडून काढावा लागतो. तळ्यापलीकडच्या दलदलीचा नकाशा आउलिक्कीने दोन वर्षं काढला. प्रत्येक धोंडा, प्रत्येक खड्डा, प्रत्येक पायवाट. डासांनी तिला फोडून काढलं, एका धोंड्यावरून पडून तिने मनगट मोडून घेतलं, तरी ती जातच राहिली. आता नऊ दिवसांवर मुलांची जिल्हा शर्यत आली होती आणि सोमवारी सकाळी नकाशा छपाईला जायचा होता. नेमकं त्याच वेळी लॅपटॉप जागा नाही, जागा नाही म्हणून अडून बसला.

वेइयोने चष्मा लावून पाहिलं. डिस्कचे दोन भाग केलेले होते. सी खचाखच भरलेला, डी अर्धा रिकामा. डीमधली जागा काढून सीला द्यायची, एवढंच काम. आउलिक्की खूश झाली. म्हणाली, "मग कर लगेच. माझा नकाशा डीवर आहे, म्हणजे त्याला काही व्हायचं नाही."

वेइयोने कॉफीचा कप खाली ठेवला. तो कप खाली ठेवतो तेव्हा आम्ही सगळे मनातल्या मनात खुर्चीला टेकतो.

"आउलिक्की, एका खोलीत मध्ये पडदा लावला म्हणून घरं दोन होतात का?"

"नाही."

"हा पडदा आहे. डिस्क एकच. मला पडदा सरकवायचाय, आणि तुझं सगळं सामान पडद्याला लागून रचलेलं आहे. ते आधी मागे न्यावं लागेल. नेताना मध्येच वीज गेली, तर सामान ना इकडे ना तिकडे. दुसरी प्रत कुठाय?"

आउलिक्कीने डीमधलं दुसरं फोल्डर दाखवलं. त्याला 'सुरक्षित' असं नाव होतं.  वेइयोने फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि मला हसू आवरायला वेलचीचा पाव तोंडात कोंबावा लागला.

मग त्याचे सोपस्कार सुरू झाले. बाहेरची डिस्क जोडून सगळं तिच्यावर उतरवलं. त्यात तासभर गेला. आउलिक्कीला वाटलं झालं. पण वेइयोच्या मते प्रत ही दुसऱ्या यंत्रावर उघडून बघेपर्यंत प्रत नसते, नुसती आशा असते. त्याने डिस्क स्वतःच्या लॅपटॉपला लावली आणि तिला म्हणाला, "तू पडलीस तो धोंडा दाखव." तिने कुरकुरत नकाशा उघडला, मोठा केला आणि धोंड्यावर बोट ठेवलं. तेव्हा कुठे साहेबांचं समाधान झालं. त्यानंतर डिस्क माझ्या हातात दिली आणि घरी नेऊन ठेव म्हणाला, कारण प्रत आणि मूळ एका छपराखाली ठेवायचं नाही. मी म्हटलं, उद्या माझीही एक प्रत काढून पलीकडच्या गावी ठेव. त्याला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं. डिस्क मी माझ्या पावाच्या डब्यात ठेवली.

पुढचं कामही त्याने तसंच केलं. लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू केला, कारण बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवायची नाही. बॅटरी तपासली, म्हातारी होती, पण पाऊण तास तग धरेल. चार्जर खिडकीखालच्या सॉकेटला लावला. दीड वाजता काम सुरू झालं. साडेचारपर्यंत चालेल असं लॅपटॉपवर दिसत होतं. तोवर कुणी बोट लावू नये म्हणून वेइयोने खोलीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली, आणि स्वतः दारापुढच्या बाकावर पहारा देत बसला. वरून दारावर कागद चिकटवला: हात लावू नये.

सव्वातीनला मी शेगडी चालू केली.

चार वाजता मी आणि आउलिक्की फळीवर बसून घाम काढत होतो. ती मला शर्यतीबद्दल सांगत होती, चौसष्ट मुलं येणार म्हणून. तेवढ्यात भिंतीपलीकडून बारीक पीं पीं ऐकू आलं. हे काय वाजतंय, असं तिने विचारलं. मी म्हटलं, शेगडीचं घड्याळ असेल, आणि दगडांवर आणखी एक पळीभर पाणी ओतलं. थोड्या वेळाने पीं पीं थांबलं. मी म्हटलं, बघ, थांबलं. हे आठवलं की मला आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पाचला आम्ही बाहेर आलो. वेइयो खांद्यावर टॉवेल टाकून तयार होता; काम एव्हाना झालं असणार, आधी एक नजर टाकू म्हणून त्याने कुलूप काढलं. लॅपटॉपचा पडदा काळा होता. त्याने बटण दाबलं, काही नाही. चार्जरवरचा हिरवा ठिपका विझलेला. तो वाकून सॉकेटकडे बघत राहिला. मग भिंतीकडे. मग माझ्याकडे.

"शेगडी कधी लावलीस?"

"सव्वातीनला. नेहमीसारखी."

तो खुर्चीवर बसला. त्याचे कान लाल झाले होते. मग तो सांगू लागला. चौदा वर्षांपूर्वी त्या खिडकीखाली हीटर होता. हीटर आणि सौन्याची शेगडी एकदम चालली की सगळ्या रांगेचा फ्यूज उडायचा. म्हणून कुणीतरी हुशारी करून अशी जोडणी केली होती की शेगडी चालू झाली की तो सॉकेट आपोआप बंद. हीटर केव्हाच भंगारात गेला. जोडणी भिंतीत तशीच राहिली.

"कुणी केली होती रे ती जोडणी?" आउलिक्कीने विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं. ती नंतर राहायला आली.

"मी," वेइयो म्हणाला. "आणि मी विसरलो."

बारा घरांत आजवर कुणीही वेइयोच्या तोंडून असं वाक्य ऐकलं नव्हतं. एरवी मी त्याचा वर्षभर पिच्छा पुरवला असता. त्या दिवशी मला त्याची दया आली, आणि स्वतःची त्याहून जास्त लाज वाटली. मी पीं पीं ऐकल्याचं सांगून टाकलं. तो म्हणाला, ते मला बाकावरून ऐकू आलं नाही, म्हणजे आपण दोघांनी मिळून केलं.

दुसऱ्या सॉकेटवर लॅपटॉप सुरू केला. सी होता. डीच्या जागी नुसता राखाडी पट्टा. नकाशा नाही, आणि 'सुरक्षित' नावाचं फोल्डरही नाही. आउलिक्की ओल्या केसांनी उभी होती. ती त्या पट्ट्याकडे बघत राहिली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "दोन वर्षं." प्रत काढताना ती स्वतः हजर होती, धोंड्यावर बोट तिचंच होतं, पण समोर रिकामा पट्टा दिसला की माणसाला असं काही आठवत नाही.

मी चपला न घालता घरी पळाले आणि पावाच्या डब्यासकट परत आले.

वेइयोने घाई केली नाही. डिस्क आधी स्वतःच्या लॅपटॉपला लावली. नकाशा उघडला. मग उठून त्याने आउलिक्कीला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. "धोंडा दाखव," तो म्हणाला. तिने दाखवला. मग ती रडता रडता हसायला लागली. म्हणाली, पहिल्यांदाच या मेल्या धोंड्याला बघून बरं वाटतंय.

राखाडी पट्ट्यावर त्याने नवा डी बांधला, सीला हवी तेवढी जागा दिली, नकाशा परत उतरवला आणि पुन्हा उघडून बघितला. तोवर सहा वाजून गेले आणि पुरुषांची पाळी बुडाली. वेळापत्रक मोडायचं नाही हा माझा नियम, तरी मी त्याला आठपर्यंत सौना दिला. रविवारी सकाळी तो भिंत फोडून बसला होता. जोडणी काढली आणि मला बोलावून दाखवली.

शर्यतीच्या दिवशी वेइयो माझ्यासोबत आला. बेरी वेचण्यापलीकडे त्याने कधी रानात पाऊल टाकलेलं नाही, म्हणून तो गाड्यांपाशीच उभा राहिला. आउलिक्कीने त्याच्या हातात एक छापील नकाशा ठेवला. त्याने तो दुमडून उलगडून पाहिला आणि विचारलं, किती प्रती काढल्यास? ती म्हणाली, पासष्ट, आणि एक अजून मिर्याच्या पावाच्या डब्यात आहे.

"उघडून बघितल्यास?"

आउलिक्कीने फक्त रानाकडे हात केला. शिट्टी झाली होती. चौसष्ट मुलं नकाशे उघडून झाडांत शिरत होती, आणि पहिली मुलगी सरळ त्या धोंड्याच्या दिशेने निघाली होती.