खंडेनवमीची साफसफाई

अन्वय आणि मीरा,

तुमच्या आबांना जाऊन आता महिना उलटून गेला. त्या दिवशी तुम्ही दोघं तिकडून फोनच्या पडद्यावर सगळं पाहत होतात. दुसऱ्या दिवशी मीराने मला विचारलं, "आजी, आबांना मित्र नव्हते का गं? इतकेच लोक का आले?" तुमच्या आईने तिला दटावलं, मी "होते की" म्हणून विषय बदलला. पण प्रश्न बरोबर होता. इतकी वर्षं कारखाना सांभाळलेला माणूस, आणि घाटावर आपले नातेवाईक आणि सोसायटीतली दोनचार माणसं… एवढेच. म्हातारपणी मित्र आधी निघून जातात हे खरं, पण आबांच्या बाबतीत तेवढंच कारण नव्हतं. ते कारण माहीत असलेली माणसं आता फारशी उरलेली नाहीत. घरात दिवसभर माझ्याशी बोलायलाही कुणी नाही, तेव्हा वेळ आहे. क्रमाने लिहिते. वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीलाही हेच देणार आहे. नाशिकमध्ये कुणाला आठवत असेल तर त्यानेही वाचावं.

आम्ही नाशिकच्या कडेला, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आलो तेव्हा तिथे कारखाने कमी आणि माळरान जास्त होतं. रस्ते आखलेले होते, पण त्यांवरून गुरं जात. आबा ज्या कारखान्याचे वर्क्स मॅनेजर झाले तिथे सायकलींचे आणि मोटारसायकलींचे सुटे भाग होत. हँडल, चाकाच्या कडा, असं सगळं. लोखंडाला ती आरशासारखी चकाकी येते ना, ती टाक्यांमधल्या रसायनांत बुडवून आणावी लागते. त्याला प्लेटिंग म्हणतात. शेवटची टाकी क्रोमची. तिच्यातलं पाणी गडद केशरी असतं, दिसायला सुंदर आणि पोटात गेलं तर विष. प्लेटिंगचे फोरमन होते निवृत्तीभाऊ. ते आणि आबा एकाच सुमारास कामाला लागले. दुपारी दोघं एकाच बाकावर डबा खात. निवृत्तीभाऊंच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी संपवून आबा घरी येत आणि माझ्या भाजीला नावं ठेवत. त्यांची बायको सुमन मला ताई म्हणायची. दिवाळीचा चिवडा आम्ही दोघी एकाच कढईत करायचो.

पाण्याचा कायदा तेव्हा नवा होता. कारखान्यातून जे पाणी बाहेर जाणार त्यासाठी प्रदूषण मंडळाची संमती घ्यावी लागे आणि तिच्या अटी सगळ्या इंग्रजीत असत. आबांचं शिक्षण डिप्लोमाचं, यंत्रांचं इंग्रजी त्यांना उत्तम कळे. कायद्याच्या इंग्रजीत मात्र ते अडकत. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, म्हणून संध्याकाळी चहा झाला की ते कागद माझ्यापुढे येत. मी एकेक कलम वाचून सोपं करून सांगायची.

"थोडक्यात काय म्हणतायत?" आबा विचारत.

"थोडक्यात, आपली घाण आपण निस्तरायची. दुसऱ्याच्या दारात ढकलायची नाही."

"हे तर माझी आई फुकट सांगायची. त्याला एवढी पानं?"

पण ती पानं त्यांनी मनावर घेतली. मालकांच्या मागे लागून त्यांनी प्लेटिंगच्या शेडमागे एक खड्डा बांधून घेतला. धुण्याचं पाणी तिथे साठवायचं, त्यात औषध घालायचं, गाळ खाली बसला की वरचं पाणी सोडायचं. खड्डा लहान होता, पण तेव्हा अंबडला बऱ्याच ठिकाणी तेवढाही नव्हता. मंडळाचे साहेब तपासणीला येणार असले की काही ठिकाणी सकाळपासून नळ सोडून ठेवत, म्हणजे नमुना पातळ निघेल. निवृत्तीभाऊ हसून म्हणायचे, "साहेब येणार म्हटलं की आपल्याकडं नाल्यालासुद्धा अभ्यंगस्नान!" आमच्या कारखान्यात हे होत नसे. आबा होऊ देत नसत, आणि निवृत्तीभाऊही.

आता खंडेनवमीचं सांगते, कारण तिथे तुमच्याकडे यंत्रांची पूजा करत नाहीत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे ज्याचं पोट ज्या हत्यारावर तो त्या हत्याराला हळदकुंकू लावतो. कारखान्यात तर तो वर्षाचा सण. यंत्रं बंद, झेंडूच्या माळा, पेढे, कामगारांची बायकामुलं नटूनथटून बघायला येणार. आणि मळक्या यंत्राची पूजा कशी करायची? म्हणून आधी शेड घासूनपुसून घ्यायचं. त्या वर्षी आबा सगळ्यांना म्हणाले होते, "यंदा शेड असं दिसलं पाहिजे की मालकांनी चपला बाहेर काढाव्यात." निवृत्तीभाऊंनी ते शब्दशः घेतलं. माणसं लावून त्यांनी टाक्या रिकाम्या केल्या, वर्षाचा तळाशी बसलेला गाळ खरवडला आणि पाण्याच्या पाइपाने सगळं धुऊन काढलं. मागचा खड्डा लगेच भरला. मग त्यांनी खड्ड्यातलं पाणी अडवणारी नाल्याकडची फळी उचलली आणि सगळं नाल्यात जाऊ दिलं. त्यात लपवाछपवी काही नव्हती. देवाच्या कामात घाण तुंबून राहू नये, इतकंच त्यांच्या मनात. दुसऱ्या दिवशी शेड खरोखर लखलखत होतं. मालकांनी चपला बाहेर काढल्या, सगळे हसले. मी सुमनबरोबर टाकीच्या कठड्यावर कुंकवाची बोटं ओढली. आम्हा कुणालाच काही माहीत नव्हतं.

दसऱ्यानंतर दोनतीन दिवसांनी नाल्याच्या खालच्या अंगाला शेत असलेले काशिनाथबाबा सकाळीच आमच्या दारात उभे राहिले. हातात तांब्या. "साहेब, ह्ये बघा. इहिरीला हळद लागल्यागत झालंय. गुरं तोंड लावीत नाय. आमची म्हातारी म्हनती देवीचा कोप हाय. म्हनलं आधी कारखान्याच्या साहेबाला इचारू, मग देवीला."

आबांनी तांब्यात पाहिलं आणि खाली बसले. असे, दाराच्या पायरीवरच. मग त्यांनी विचारलं, "कुणी प्यायलंय का?"

"नाय. दिसाया लागल्यापास्नं नाय."

"आता कुणाला पिऊ देऊ नका. भांडीसुद्धा घासू नका."

त्याच दुपारी मालकांच्या खोलीत बैठक झाली. मालक वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, शेतकऱ्याला रोज टँकर पाठवू, पुढच्या पावसात विहीर आपोआप धुतली जाईल, मंडळाला सांगायची गरज नाही. सांगितलं तर प्लेटिंग बंद करतील, आणि दिवाळी तोंडावर आहे. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. प्लेटिंग बंद म्हणजे सगळा कारखाना अडणार, आणि प्लेटिंगची सगळी माणसं घरी बसणार, निवृत्तीभाऊ पहिले. आबा घरी आले, जेवले नाहीत. मी म्हटलं, "अहो, निवृत्तीभाऊंशी तरी आधी बोला." दुसऱ्या दिवशी ते थेट मंडळाच्या कचेरीत गेले आणि झालेलं सगळं सांगून आले.

मंडळाचे साहेब आले, विहीर पाहिली, नाला पाहिला. शेडमध्ये सगळ्या कामगारांसमोर त्यांनी विचारलं, फळी कुणी उचलली? निवृत्तीभाऊ पुढे होणार इतक्यात आबा म्हणाले, "साफसफाई माझ्या हुकमाने झाली. गाळ कुठे जाईल हे बघणं माझं काम होतं, मी बघितलं नाही." हेही खोटं नव्हतं. प्लेटिंगला कुलूप लागलं. गाळाची आणि पाण्याची पक्की व्यवस्था होईपर्यंत उघडणार नव्हतं.

निवृत्तीभाऊ संध्याकाळी घरी आले. आत आले नाहीत, फाटकापाशीच उभे राहिले. मी चहा घेऊन गेले, तो त्यांनी घेतला नाही.

"साहेब, मला दोन कानाखाली द्यायच्या होत्या. शिव्या द्यायच्या होत्या. घरातली गोष्ट बाहेर कशाला नेली?"

"ती घरात राहिली नव्हती, निवृत्ती. विहिरीत गेली होती."

"आन् माझी चूक पण तुम्हीच घेतली. मला तेवढीपण ठेवली नाही. समद्या पोरांसमोर मला काय लहान लेकरू केलं?"

निवृत्तीभाऊ थोडा वेळ थांबले… मला वाटतं, आबा काहीतरी म्हणतील म्हणून. मग वळले आणि गेले. त्यानंतर त्या दोघांचं बोलणं झालं नाही. कधीच.

ते गेल्यावर मी चिडून म्हणाले, "मी सांगत होते, आधी त्यांच्याशी बोला."

आबा म्हणाले, "बोललो असतो तर तो नको म्हणाला असता. आणि मी त्याचं ऐकलं असतं."

त्या दिवाळीत आमच्या कॉलनीत आकाशकंदील लागले, पण फराळाची ताटं आमच्या दारावरून पुढे गेली. घरी बसलेल्या माणसांच्या बायकांना मी कुठल्या तोंडाने हाक मारणार होते? चिवडा मी एकटीने केला, कढई तीच. संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं घरोघर करून आले. शाळेतल्या बाई आल्या, कॉलनीतलं कुणी आलं नाही. सुमन रस्त्यात दिसली तर पदर नीट करत पलीकडे बघायची. तुमची आई तेव्हा लहान होती. तिच्या मैत्रिणी अंगणात खेळायच्या आणि आमच्या फाटकाशी आल्या की परत फिरायच्या. तिने कधी कारण विचारलं नाही. मुलांना कळतं.

आबांनी मात्र ते वर्ष विहिरीला दिलं. पंप लावून विहीर उपसायची, ते पिवळं पाणी टँकरने कारखान्यात परत आणायचं आणि तिथे साफ करायचं, असा त्यांचा हट्ट. मालक म्हणाले, "अहो, विकलेला माल कुणी परत आणतं का?" पण आणू दिलं. नव्या टाक्या बांधल्या गेल्या. एका टाकीत पिवळं पाणी औषध घातल्यावर हिरवं होई, पुढच्या टाकीत चुना पडला की हिरवा गाळ खाली बसे आणि वर नितळ पाणी राही. प्लेटिंग पुन्हा सुरू झालं, माणसं कामावर आली. निवृत्तीभाऊ आले नाहीत. त्यांनी हिशेब मागून घेतला आणि अंबडमध्येच दुसऱ्या टोकाला लहानसं शेड भाड्याने घेऊन स्वतःचं प्लेटिंग सुरू केलं. आबा दुपारचा डबा त्या टाक्यांच्या शेजारच्या खोलीत एकटे खात. बाक तिथेच होता, त्यावर दुसरी माणसं बसू लागली होती. कामगार त्यांना मान देत, घाबरत, नमस्कार करत. पण विनोद कुणी सांगत नसे.

काही पावसाळ्यांनंतर काशिनाथबाबांनी निरोप पाठवला की मंडळाचे साहेब विहिरीचं पाणी चांगलं म्हणून सांगून गेले. आम्ही दोघं गेलो. त्यांच्या म्हातारीने पाणी दिलं, आबा ते गटागटा प्यायले. परत येताना स्कूटरवर ते मागे न बघता म्हणाले, "हे निवृत्तीला सांगायला पाहिजे होतं." मी म्हटलं, "मग चला." ते म्हणाले, "त्याला वाटेल, मी जिंकलो म्हणून सांगायला आलो." स्कूटर सरळ घरी आली.

पुढे भाजीबाजारात, लग्नाकार्यात दोघं समोरासमोर येत. आबा थांबत. निवृत्तीभाऊ चपला शोधल्यासारखं खाली बघत पुढे जात. ते वारले तेव्हा आबा घाटावर गेले आणि सगळ्यांच्या मागे उभे राहून परत आले. घरी आल्यावर आंघोळ केली आणि दिवसभर काही वाचायचं नाटक करत बसले. पान उलटत नव्हतं. त्यानंतर त्यांनी नवा मित्र केला नाही. मीरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. मित्र होता. एक होता, आणि तो पुरणार होता असं त्यांना वाटलं होतं.

मी इथेच थांबणार होते. पण मागच्या आठवड्यात निवृत्तीभाऊंचा मुलगा दिलीप भेटायला आला. आता तोच ते शेड चालवतो, केस पांढरे झालेत. खुर्चीच्या कडेवर बसला, इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "काकू, आमच्याकडं या म्हणालो तर याल का? खंडेनवमीला नाही, तशाच. साहेबांचं पिंप दाखवायचंय."

"कसलं पिंप?"

"टाक्यांचा गाळ काढायचं. आमच्या शेडात खंडेनवमीची साफसफाई पाण्यानं करत नाहीत, कोरडीच. खरवडायचं आणि पिंपात भरायचं. बाबांनी पहिल्या वर्षापासून लावलेली शिस्त आहे. त्याला साहेबांचं पिंप म्हणायचं, हेपण बाबांचंच. नवीन माणसाला आधी तेच दाखवायचे. म्हणायचे, टाकीला नंतर हात लाव, आधी हे बघ."

मी विचारलं, "हे त्यांनी आबांना कधी सांगितलं नाही?"

दिलीप म्हणाला, "मी म्हटलं होतं एकदा, चला, सांगून येऊ. तर म्हणाले, साहेबांना वाटेल मी माफी मागायला आलो."

मी काल जाऊन आले. शेड लहान आहे, दाराशी मोगऱ्याची कुंडी आहे. पिंप निळ्या प्लॅस्टिकचं आहे, आतापर्यंत कितीदा तरी बदललं असेल. भरलं की गाडी येऊन गाळ घेऊन जाते आणि रिकामं पिंप परत जागेवर ठेवतात. खंडेनवमीला टाक्यांच्या आधी त्याला हळदकुंकू लावतात. या वर्षीचं बोट अजून त्याच्यावर आहे.