गाय अशी उठत नाही

मुलगी लहान होती तेव्हा टीव्हीवर एका गाईचं कार्टून लागायचं. गाय जांभळी, पापण्या झाडूएवढ्या, आणि बोलायची. मला आवडायची ती. चित्रच होतं, चित्राला कोण काय म्हणणार?

मग त्याच गोष्टीचा सिनेमा काढला, खऱ्यासारखा. भुशी धरणाच्या रस्त्यावर मी कणसं भाजते, मागंच आमचा गोठा. सिनेमाची माणसं तिथं आली, आमच्या गाईच्या अंगावर पांढरे ठिपके चिकटवले आणि दोन दिवस चहूबाजूंनी फोटो काढत राहिली. ती इतकी बिचकली की दूध चोरायला लागली. केस बांधलेला एकजण मला म्हणाला, "मावशी, तुमची गाय आता कायमची राहील बघा." मी ते मनात धरून बसले.

पुढच्या पावसाळ्यात ती मेली. आमच्याकडं तिचा एकही फोटो नव्हता. लोणावळ्यात सिनेमा लागला तेव्हा मुलीला म्हटलं, "मला ने. तिला एकदा बघायचंय."

"आई, ती न्हाई ती. कंप्युटरनं केलीय."

"आसू दे. त्वांड तर तिचंच आसंल."

तोंड तिचंच होतं. मोडकं शिंग, कपाळावरचा डाग, कानाची चीर. माझे डोळे भरले. मग बसलेली गाय उठली. पुढचे पाय आधी टाकून.

चारचौघांत मी तोंड उघडत नाही. पण उभी राहून ओरडले, "गाय आशी उठत न्हाई!"

मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी, खाली बसा, आता ती गाणं म्हणणार आहे!" सगळे हसले.

गाय आधी मागचे पाय उचलते. पुढून उठायला बघते ती कमरेतून गेलेली गाय. आमची शेवटचे आठ दिवस तशीच धडपडायची. मी आणि मुलगी पोटाखाली पोतं घालून तिला उचलायचो. आणि इथं तेच उठणं धडधाकट गाईला लावलेलं, वर वाजंत्री. अंगावरचा केस न् केस उतरवून नेला, पण तिला उठताना एकानंही पाहिलं नव्हतं.

मुलीनं पदर ओढला. "बस ना. पोरांना काय कळतंय?"

त्याचाच तर राग आला. जांभळ्या गाईनं कुणाला फसवलं नव्हतं.

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. सिनेमा संपल्यावर मुलगी आली आणि शेवटी गाईचं काय झालं ते सांगायला लागली.

"नगं सांगूस," मी म्हटलं. "आपली कशी गेली, ते तुलाबी ठावं हाय."