साखळीतल्या खुर्च्या

माघ सरत आला तरी आमच्या सार्वजनिक वाचनालयाची फरशी पायाला चावते. काटकसर म्हणून दिवसा ट्यूबलाइटही बंद. त्यामुळे सकाळी खिडकीतून ऊन आलं की म्हातारे वाचक त्याच्यामागे खुर्च्या ओढत सरकायचे. ऊबही त्याचीच, अक्षरं दिसायची तीही त्यातच. पण खुर्च्यांचा आवाज होतो म्हणे! समितीनं परवा सगळ्या खुर्च्या टेबलांना साखळीनं बांधून टाकल्या.

काल सदूकाका खिडकीशी उभ्यानं पेपर वाचत होते. जन्मभर शिलाई मशीन चालवलेले त्यांचे पाय लटपटत होते.

ग्रंथपाल म्हणाले, "काका, बसून वाचा की."

"बसतो. ऊन आणा इकडे."

माझं डोकंच फिरलं. यांना वाचनालय हवंय, फक्त वाचणारे नकोत. जागचं कुणी हललेलं यांना खपतच नाही. समितीला अर्ज लिहायला तिथल्या तिथे टेबलावर कागद ओढला, तर अंधारात ओळ दिसेना.

"पोरी, इकडे ये," काका म्हणाले. "उभ्यानं लिही, पण दिसेल असं लिही."

स्वतः सावलीत सरकून त्यांनी मला ऊन दिलं. खिडकीच्या कट्ट्यावर मी पहिली ओळ लिहिली : साखळ्या आजच काढा. 'नम्र विनंती' लिहिलंच नाही.