पोटाशी विरलेला सदरा

आमच्या वडगावच्या एका जुन्या लेखकाचा अखेरच्या दिवसांतला सदरा वाचनालयात काचेच्या कपाटात ठेवलाय. त्यांचं चरित्र मी लिहिलं. प्रकाशनाच्या दिवशी एक विणकर बाई आली होती. पदराला रेशमाचे धागे चिकटलेले. भाषणं संपली तरी ती त्या सदऱ्यासमोरून हलेना. सदरा बघत स्वतःच्या पोटावरून हात फिरवत होती.

मी जवळ गेलो तशी म्हणाली, "अण्णा, कोपरं बघा, धड हायत. पोटाशी मातर कापड पार विरलंय. हातमागाचं लाकूड हितंच घासतंय. माझ्या बाचं सगळं सदरं असंच विरलं. ह्यो माणूस मरंस्तवर मागावर बसलाय."

तो सदरा मी कितीदा पाहिला होता! मला त्यावरचे डाग तेवढे दिसले. आणि पुस्तकात मी खुशाल लिहून बसलो होतो की, उतारवयात आळसापायी त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"लिवलंय न्हवं ह्ये पुस्तकात?" तिनं विचारलं.

"व्हय," मी म्हणालो.

आपल्या बापाला वाचून दाखवायला तिनं एक प्रत घेतली. मी त्या प्रतीवर सही करून दिली.