घाटकोपरच्या गच्चीवरची नोंदवही

माझा नवरा जाऊन आठ महिने झाले. हृदय बंद पडलं, पंधरा मिनिटांत सगळं संपलं. भेटायला येणारे लोक अजूनही दोन वर्षांपूर्वीच्या त्या रविवारचा विषय काढतात आणि म्हणतात, तुम्हा दोघांना किती मारलं होतं. मला कुणी हातही लावला नव्हता.

तो मुलुंडच्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करायचा, मी पार्ल्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. विमानांचे फोटो काढणं हा त्याचा एकमेव नाद. रविवारी सकाळी आम्ही घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीत जायचो. तिथे एका मालवणी मावशींची गच्ची होती आणि उतरणारी विमानं तिच्यासमोरून जायची. लेन्समधून चाकांवरचं वंगणसुद्धा दिसे. आवाज असा, की कुणीतरी छातीवर गुडघा रोवून बसलंय. पत्रे थरथरत, खाली मावशींच्या फळीवरची भांडी एकमेकांवर आदळत. त्याला ते सगळं आवडायचं. माझं अंग दर वेळी आक्रसून जाई. हाताला काहीतरी काम हवं म्हणून मी नोंदी ठेवायला लागले.

ग्रंथालयातल्या दाखल नोंदवहीसारखेच रकाने आखले होते: अनुक्रमांक, वेळ, शेपटीजवळचा नोंदणी क्रमांक, कंपनी, शेरा. त्याचं स्वतःचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. "तुझं छापल्यासारखं आहे, तूच लिही," म्हणायचा. अकरा वर्षं मी लिहीत होते.

त्या दिवसांत सीमेवर तणाव होता. टीव्हीवर दिवसभर नकाशे आणि आरडाओरडा. हा रविवार राहू दे, असं मी म्हटलं होतं. पण एक अवाढव्य मालवाहू विमान येणार होतं, ते पुन्हा कधी येईल याचा नेम नाही, असं त्याचं म्हणणं.

आम्ही पोचून तासभर झाला असेल. गल्लीतले पाचजण जिना चढून वर आले. त्यांत मावशींचा पुतण्याही होता. मावशी खाली नळावर कपडे धूत होत्या. सुरुवातीला त्यांनी नीटच विचारलं, एवढी मोठी लेन्स कशाला. विमानाबद्दल कुणी विचारलं की माझ्या नवऱ्याला थांबता येत नसे. कोणत्या विमानात किती इंधन मावतं, दोन विमानांत किती मिनिटांचं अंतर असतं, वारा बदलला की ती कुठून येतात, सगळं सांगत सुटला. मी त्यांचे चेहरे बदलताना पाहत होते. एकाने बॅगेवर ठेवलेली वही उचलली.

"सात बावन्न. सात पंचावन्न. सात एकोणसाठ," तो मोठ्याने वाचू लागला. "मिनिटामिनिटाचं लिहून ठेवलंय रे याने."

पहिल्या थपडेत माझ्या नवऱ्याचा चष्मा उडाला. मग कुणीतरी ट्रायपॉड उचलून त्याच्या पाठीत घातला. तो पडला. पडलेल्या माणसाला मारणं सोपं असतं, त्यात कौशल्य लागत नाही, तरी ते धापा टाकत होते. बरगडी मोडल्याचा आवाज मला आला. मला वाटलं होतं तसा तो कडकन नव्हता, ओल्या लाकडासारखा होता. एकाचा बूट त्याच्या उजव्या हातावर होता आणि त्या बुटावर त्याने सगळं वजन टाकलं.

वही वाचणारा थांबला. "अक्षर बाईचं दिसतंय," म्हणाला आणि माझ्याकडे वळला.

"माझं आहे," जमिनीवरून माझा नवरा म्हणाला.

"मग लिहून दाखव."

त्याच्या त्या हातात पेन कोंबलं. बोटं वळत नव्हती. कागदावर एक रेघ उमटली आणि तिच्यावर रक्त. "पहिलीतलं पोर बरं लिहितं," पुतण्या म्हणाला. सगळे हसले, आणि आता खोटं बोलला म्हणून पुन्हा सुरुवात झाली.

मी चार पावलांवर पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभी होते. वही माझी आहे, एवढंच सांगायचं होतं. तेवढ्यात ते मालवाहू विमान आलं. कुणाचंच काही ऐकू येईना. नवऱ्याचं तोंड उघडलेलं दिसत होतं, लाथा दिसत होत्या. हा आवाज गेला की सांगते, असं मी ठरवलं. आवाज गेला. मी सांगितलं नाही.

मावशी कपडे बडवायचं धोपाटणं घेऊनच वर आल्या. पुतण्याच्या मनगटावर एक, मग कानशिलात एक. "सोड तेका. माझ्या गच्चीवर इलेल्या माणसाक मारतंस?" तो खाली बसेपर्यंत त्या मारत राहिल्या. बाकीचे पळाले. पोलीस आले, त्यांनी वही चाळली, दुपारपर्यंत आम्हाला सोडलं, आणि असले छंद घरात बसून करा असा सल्ला दिला. दोन बोटं आणि एक बरगडी मोडली होती.

संध्याकाळी घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात ती वही फाडली. पानाचा कोपरा दुमडला म्हणून मुलांना बोलणारी बाई मी. मूठभर पानं धरून ओढत होते. पुन्हा कुणी आलं तर नको, असं मी ओरडून सांगत होते, पण खरं म्हणजे पानापानावर माझं अक्षर होतं आणि ते मला बघवत नव्हतं. तो उठून आला. प्लास्टर घातलेल्या हाताने वही काढून घेऊ लागला. मी त्याला ढकललं. जोरात. तो मोडक्या बरगडीवर दाराच्या चौकटीला आपटला आणि तिथेच खाली बसला.

बराच वेळ त्याला श्वास घेता आला नाही. मग म्हणाला, "तिकडे गप्प राहिलीस ते ठीक. हे कशाला?"

त्यानंतर त्याने हा विषय कधी काढला नाही. बोटं वाकडीच जुळली. चार महिन्यांनी आम्ही पुन्हा जायला लागलो, त्याच गच्चीवर, मावशींच्या आग्रहावरून. त्याने नवी वही आणली होती. रकाने त्यानेच आखले, डाव्या हाताने, तिरके. कॅमेरा खाली ठेवायचा, वही गुडघ्यावर घ्यायची, लिहायचं, पुन्हा कॅमेरा उचलायचा. यात निम्मी विमानं निसटत.

एकदा मी हात पुढे केला. म्हटलं, दे, मी लिहिते.

"नको," तो म्हणाला. "जमतंय."

आवाजात राग नव्हता. पुढचं विमान आलं, त्याने ते लिहून घेतलं, आणि मी शेजारी उभी राहिले.