पालथा क्रेट

मावशींनी वाटेत रिकामा क्रेट पालथा घातला, की मागच्या बायांनी हात थांबवायचे. जुन्नर रस्त्यावरच्या आमच्या टोमॅटोच्या शेडमधला हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती.

माल आधी धुवायचा, मग निवडायचा, मग भरायचा. मावशी निवडीच्या टेबलावर. रोज डिंगोऱ्याहून एसटीने यायच्या. मी तिथला नवा सुपरवायझर. धुणाऱ्या बाया हाताची घडी घालून बसलेल्या दिसल्या, की माझं डोकं फिरायचं.

"मावशी, ट्रक भरायचाय! यांना का थांबवलं?"

"भाऊ, रिकामा हात तेवढा दिसतो तुमाला. तुंबलेला माल न्हाई दिसत?"

तुम्हीही असे उंटावरचे शहाणे पाहिले असतील, मी त्यातलाच. एकदा हट्टाने तो क्रेट सरळ केला आणि धुण्याला जोर लावला. दुपारपर्यंत निवडीपुढे थप्प्या लागल्या. क्रेट कमी पडले म्हणून शिगोशीग भरले, तर वरच्या भाराने खालचे टोमॅटो फुटले. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि इथे पायाखाली लाल चिखल.

धुणाऱ्यांतल्या दोघींना उठवून मावशींनी निवडीला बसवलं. ट्रक वेळेत गेला. मग म्हणाल्या, "पाटाला पाणी किती सोडलं ते कोन इचारतंय? वाफ्यात किती पोचलं ते बघावं."

पुढे त्यांची नजर कमी झाली. मला ते कळत होतं. त्यांच्या पुढ्यातले क्रेट मी गुपचूप निवडीच्या दुसऱ्या बायांकडे सरकवायचो. त्या गेल्या असत्या तर ती शेड मला खायला उठली असती.

एके दिवशी मावशींनी क्रेट पालथा घातला, तो स्वतःच्याच टेबलाशी.

"आज माज्यापाशीच तुंबलंय, भाऊ. म्हैनाभर तुमी झाकलंत. लई झालं. आता मी जाते."

त्यांना दुसरं काम देता आलं असतं. रिकाम्या गोण्यांच्या घड्या करायच्या होत्या, क्रेट मोजायचे होते. पण दाराशी ट्रक उभा होता. मी ट्रककडे पाहिलं आणि नुसती होकाराची मान हलवली. त्यांनी हात धुतले, पिशवी घेतली आणि फाट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. एसटी यायला उशीर होता. तेवढ्या वेळातही मी हाक मारली नाही.

आता काम कुठेच तुंबत नाही. तरी कधीतरी मी एक क्रेट वाटेत पालथा घालतो. बायांचे हात थांबतात.

"काय झालं, भाऊ? कुटं आडलं?"

"काही नाही," म्हणतो, आणि क्रेट सरळ करतो.