मिक्सरवर वाटलं

मला राग फार पटकन येतो. कौतुकानं सांगत नाही. त्या रविवारी जे झालं ते माझ्या रागापासूनच सुरू झालं, म्हणून सांगावं लागतंय.

थोरली नणंद पंधरा दिवसांसाठी दुबईहून माहेरी आली होती. वन्सं मनानं वाईट नाहीत, पण घासागणिक दुबई! पाणी प्यायलं तरी दुबईचं पाणी, दही खाल्लं तरी दुबईचं दही. शनिवारी दुपारी आमच्या कासार आंबोलीतल्या घराच्या ओट्यावर बसून त्या म्हणाल्या, "तिकडं एक हिरवा सॉस मिळतो बघ, ताहिनीचा. तीळ असतात त्यात. पुदिना, कोथिंबीर, लिंबू, लसूण. भाजलेल्या चिकनबरोबर काय लागतो म्हणून सांगू! पण हितं न्हाई जमायचं कुणाला."

"हितं न्हाई जमायचं" म्हटल्यावर माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, "तीळच ना? संक्रांतीचे अर्धा किलो डब्यात पडून हायेत. उद्या दुपारी जेवायला करूनच घालते. बघाच तुमी."

बोलून बसले. मग फोनवर व्हिडिओ बघितला. बाई हसतहसत तीळ भाजत होती, मिक्सरमध्ये घालत होती आणि दोन मिनिटांत मधासारखी ताहिनी ओतत होती. मला वाटलं, एवढंच ना!

रविवारी सकाळी चिकन मुरवत ठेवलं आणि तीळ मंद आचेवर भाजले. लाल होऊ द्यायचे नसतात, नाहीतर कडू लागतात. गार झाल्यावर चटणीच्या भांड्यात घातले आणि मिक्सर लावला. कूट झालं, पण तेल काही सुटेना. कूट भांड्याच्या कडेला जाऊन बसायचं आणि पातं खाली नुसतं फिरायचं. मी उलथन्यानं खरवडत होते, परत लावत होते, परत खरवडत होते. मिक्सरला जरा उसंत द्यावी, तर ती द्यायचं माझ्या स्वभावात नाही. शेवटी त्यातून निळसर धूर निघाला, जळकट वास सुटला आणि तो जो बंद पडला तो पडलाच.

मी कपाळावर हात मारला. वन्सं आंघोळीला गेल्या होत्या. सासूबाई पुढच्या अंगणात उन्हाला बसल्या होत्या. मी भांड्यावर ताटली झाकली आणि मागच्या दारानं बाहेर पडले.

मागच्या दारानं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

आमच्या मागं ताईंचं घर आहे. सासरे असताना त्यांनी तिथले दोन गुंठे विकले आणि ताईंनी तिथं घर बांधलं. ताई पन्नाशीच्या, पौड रोडवरच्या एका दवाखान्यात नर्स आहेत. बौद्ध आहेत. सासूबाई त्यांचा विषय निघाला की "त्यांच्यातले हायेत ते" एवढंच म्हणतात आणि पुढचं आपण समजून घ्यायचं. सासूबाईंचा नियम ठरलेला: त्या घरातलं कच्चं आणि कोरडं चालतं, ओलं चालत नाही. म्हणजे ताईंच्या परसातली वांगी चालतात, मिरच्या चालतात. त्यांच्या हातची आमटी, त्यांच्या घरचं पाणी नाही चालत. जमीन विकताना मात्र कुणी ओलं-कोरडं पाहिलं नव्हतं.

मी या नियमाला हसायचे. आणि ताईंकडं चहा प्यायचे, मागच्या अंगणात बसून. गेली सहा वर्षं माझी खरी मैत्रीण तीच. माझ्या बाळंतपणात रात्री-अपरात्री धावून आली तीच. नवऱ्याशी भांडण झालं की मी जाऊन रडायची ती तिच्याच ओसरीत. ताई कोथिंबिरीची जुडी द्यायच्या तीसुद्धा कशी, तर मुळं कापलेली, पिवळी पानं काढलेली, स्वच्छ धुतलेली. "घरी जाऊन नुसती चिरायची," म्हणायच्या. सासूबाईंना मी सांगायचे की मीच धुतली.

त्या दिवशी ताईंनी मिक्सरचं ऐकलं आणि पोट धरून हसल्या. "अहो वहिनी, तिळाला मिक्सर काय करणार? आणा इकडं." त्यांच्याकडं त्यांच्या आईचा पाटा आहे, मधे खोलगट झालेला. त्यांनी तो धुतला, पुसला, पोतं अंथरून बसल्या आणि वाटायला लागल्या. मला पण बसवलं, पण माझ्याच्यानं चार हातांपलीकडं झालं नाही. "जोर लावू नका, वजन टाका," त्या म्हणाल्या. पंधरा-वीस मिनिटांत कुटाचं पीठ, पिठाचा गोळा आणि गोळ्याला तेलाची चकाकी आली. मी परसात जाऊन पुदिना, कोथिंबीर आणि थोडा शेपू खुडला. ताईंनी ते लसूण-मिठाबरोबर वाटलं. काय वास सुटला होता! मग सगळं एका पातेल्यात काढून मी लिंबू पिळलं, तर सगळा गोळा एकदम आळून दगड झाला.

"बिघडलं!" मी ओरडले.

"काही नाही बिघडलं. पाणी मागतंय ते." ताईंनी माठातलं गार पाणी तांब्यात घेतलं. तांब्या पातेल्यावर धरला आणि थांबल्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "वहिनी, घालू ना पाणी? घरी चालेल?"

मला राग आला. त्यांचा नाही, त्या प्रश्नाचा. म्हणाले, "घाला की! विचारताय काय? कुठल्या काळात राहताय ताई तुम्ही? आमच्यात नाही तसलं काही."

असं तोंड वर करून म्हणाले. मागच्या दारानं आलेली मी.

त्यांनी थेंब थेंब पाणी घातलं, मी घोटत राहिले आणि तो दगड पांढरट हिरवा, मऊ, साईसारखा झाला. बोटानं चाखला. आंबट, तिखटसर, मागून तिळाची खमंग चव. आम्ही दोघी लहान पोरींसारख्या पातेलं पुसून खात होतो. ताईंनी सॉस त्यांच्या स्टीलच्या डब्यात भरून दिला. मी म्हटलं, "दुपारी या हं चाखायला, भाकरीबरोबर. नक्की या." त्या म्हणाल्या, ड्युटी चारला आहे, येते.

घरी आल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल? डब्यावर ताईंचं नाव कोरलेलं होतं. सॉस माझ्या काचेच्या बाऊलमध्ये काढला, डबा धुतला आणि पिठाच्या डब्यामागं लपवला.

दुपारी जेवणं ओसरीत मांडली. तांदळाच्या भाकरी, चिकन, काकडी आणि मधोमध तो सॉस. वन्संनी एक घास खाल्ला, लगेच दुसरा घेतला. मग म्हणाल्या, "अगं, हे तर तिकडच्यापेक्षा भारी झालंय!" माझी छाती फुगली. सासूबाईंना चिकन नको असतं. त्यांनी सॉस नुसत्या भाकरीला लावून खाल्ला आणि दुसरी भाकरी मागितली. दुसरी भाकरी त्या कधी घेत नाहीत.

तेवढ्यात दारात ताई आल्या. नेसलेली साडी ड्युटीची, हातात त्यांच्या झाडाची पाच-सहा लिंबं. मी "या या" म्हणत उठले. पण वन्संचं तोंड सुरूच होतं. "एवढं मऊ झालं कसं गं? कशावर वाटलंस?"

सासूबाईंच्या हातात घास होता. ताई उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. "ताईंनी वाटून दिलं, त्यांच्या पाट्यावर." एवढंच म्हणायचं होतं. वाक्य जिभेवर आलंही होतं. पण मला दिसलं, सासूबाईंचा घास थांबेल, ताट सरकेल, वन्सं दोघींकडं बघतील, आणि सगळ्या कौतुकावर पाणी पडेल. माझ्या कौतुकावर.

मी म्हणाले, "मिक्सरवर वाटलं."

मिक्सर ओट्यावर मरून पडला होता, हे ताईंना माहीत होतं. त्यांचे खांदे वाटून वाटून दुखत असतील, हे मला माहीत होतं. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. लिंबाकडं बघत राहिले.

ताईंनी लिंबं उंबऱ्याच्या आत ठेवली. "चांगला आहे हो मिक्सर तुमचा," त्या म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. त्यांनी मला सावरून घेतलं होतं, माझ्याच खोट्यात. मग "ड्युटीला उशीर होतोय" म्हणून त्या गेल्या. तेव्हा दीड वाजला होता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताट तसंच टाकावं आणि धावत जावं असं वाटत होतं. पण मी वन्संना भाकरी वाढली.

त्यानंतर तीन आठवडे मी मागचं दार उघडलं नाही. कपडे पुढं वाळत घातले. ताईंच्या गाडीचा आवाज आला की आत जायचे. मिक्सर दुरुस्त होऊन आला, वन्सं दुबईला गेल्या, तिथून फोनवर सॉसची रेसिपी मागितली. मी ती मिक्सरवरची सांगितली. पिठाच्या डब्यामागं तो डबा रोज दिसायचा. सहा वर्षांची मैत्रीण मी एका शब्दापायी घालवून बसले होते.

शेवटी एके सकाळी सासूबाई शेंगा निवडत होत्या, तिथं जाऊन बसले. म्हटलं, "आत्या, त्या दिवशीचं ते हिरवं वाटण… ते मी मिक्सरवर न्हाई वाटलं. मागच्या ताईंनी वाटून दिलं व्हतं. पाणी पण त्यांचंच व्हतं."

त्यांनी मान वर केली नाही. "मला म्हाईत हाय."

"म्हाईत?"

"मिक्सर जळल्याला वास अंगणापतूर आला व्हता. नाक काय म्हातारं झालंय व्हय माजं? आन पाट्यावरचं वाटाण जिभंला कळतंय. पाटा आता हितं त्येंच्याबिगर कुणाकडं हाय?"

"मग बोलला का न्हाई?"

"आदी इचारलं असतंस तर नगंच म्हनले असते. खोटं कशाला बोलू? पर ताटात आलं, ग्वाड लागलं, खाल्लं. ती बाय दारात उभी व्हती. मी म्हनलं, आता ही सांगल तिचं नाव. आन तू मिक्सर म्हनलीस." त्यांनी एक शेंग फोडली. "मला वाटलं, तुलाच लाज वाटतीया तिची."

सहा वर्षं मी त्यांच्या नियमाला हसत होते. त्यांनी तो नियम मोडून दोन भाकरी खाल्ल्या, आणि मी एकटीच तो पाळत बसले होते, त्यांचं नाव पुढं करून. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

त्याच दुपारी साजूक तुपातला शिरा केला. भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून शिरा त्या नाव कोरलेल्या डब्यात भरला आणि पुढच्या दारानं, सासूबाईंच्या समोरून, वळसा घालून ताईंकडं गेले. ताई परसात वाफ्याला पाणी देत होत्या. मला बघून हसल्या. नेहमीसारखंच हसल्या, पण बसायला पोतं टाकलं नाही.

"ताई, मी चुकले," मी म्हणाले. सकाळपासून बरंच काही पाठ केलं होतं, त्यातलं तेवढंच आठवलं. "मी तुमचं नाव घ्यायला हवं होतं."

"असू द्या, वहिनी." त्यांनी डबा उघडला, उभ्या उभ्याच शिऱ्याचा घास घेतला. "छान झालाय. वेलची जास्त घातलीत ना? मला आवडते." माझ्या घरचं ओलं, शिजलेलं, त्यांनी क्षणाचाही विचार न करता खाल्लं. मला रडू कोसळलं. त्यांनी मला रडू दिलं, पण जवळ आल्या नाहीत.

निघताना म्हणाल्या, "थांबा, कोथिंबीर न्या." वाफ्यात वाकून त्यांनी मूठभर कोथिंबीर उपटली. नळ दोन पावलांवर होता, पाणी चालूच होतं. त्या नळाकडं गेल्या नाहीत. मुळं कापली नाहीत, पानं निवडली नाहीत. नुसती एकदा झटकली आणि माझ्यापुढं धरली.

"कोरडीच आहे," त्या म्हणाल्या. "धुतलेली नाही. घरी चालेल."

त्यांना टोचून बोलायचं नव्हतं. आमचा नियम त्यांनी फक्त शिकून घेतला होता, माझ्याकडून. मी म्हणायला हवं होतं, ताई, नळाखाली धरा, धुऊन द्या. म्हटलं नाही. मातीनं भरलेली जुडी हातात घेतली आणि घरी आले.